पगाराच्या स्लिपवरचं चर्च: ख्रिस्ती संदेशावर आज कोणी का विश्वास ठेवावा?

बावखल

म्युनिकमध्ये राहायला आलं की आधी नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं. त्या फॉर्मवर धर्माचा एक रकाना असतो. आम्ही वसईचे, पोर्तुगीज काळापासूनचे कॅथलिक. फार विचार न करता मी 'रोमन कॅथलिक' लिहून मोकळा झालो. महिनाअखेरीला पगाराची स्लिप आली तर प्राप्तिकराच्या खाली आणखी एक कपात. किर्शनश्टॉयर, म्हणजे चर्चकर. प्राप्तिकराच्या ८ टक्के (बव्हेरिया आणि शेजारचं बाडेन-वुर्टेमबर्ग सोडून बाकी राज्यांत ९). सरकार कापतं आणि चर्चला देतं. नको असेल तर सरकारी कचेरीत जाऊन 'मी चर्च सोडतो' अशी सही करायची, विषय संपला. घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "म्हणजे देवाचा पण टीडीएस?"

हे पाल्हाळ एवढ्यासाठी की या करामुळे इथे दरवर्षी किती लोक चर्चमधून गेले त्याचा पक्का आकडा छापून येतो. आपल्याकडे कोणी मनातून धर्म सोडला तर त्याची नोंद कुठे होते? इथे २०२२ साली एकट्या कॅथलिक चर्चमधून ५,२२,८२१ जणांनी रीतसर नाव काढलं. २०२३ मध्ये चार लाखांवर. २०२४ मध्ये ३,२१,६११. प्रोटेस्टंटांकडेही गळती तशीच.

असं का, याचं प्रवचनातलं उत्तर ठरलेलं आहे: विज्ञान, चंगळवाद, मोबाइल. मला ते पटत नाही. डार्विन १८५९चा. लोकांना तो नेमका २०२२ मध्ये आठवला का? त्या वर्षीच्या जानेवारीत काय झालं ते बघा. म्युनिकच्या धर्मप्रांतानेच नेमलेल्या वकिलांचा अहवाल आला. १९४५ ते २०१९ या काळात लैंगिक अत्याचाराचे किमान ४९७ बळी, बहुतेक अल्पवयीन मुलं. ज्यांच्यावर ठपका आला त्यांत निवृत्त पोप बेनेडिक्ट सोळावे होते. १९७७ ते १९८२ या काळात ते इथले आर्चबिशप होते आणि चार प्रकरणांत त्यांनी करायला हवी ती कारवाई केली नाही असं अहवालात म्हटलं होतं. एका अत्याचारी फादरच्या प्रकरणावरच्या १९८०च्या बैठकीला आपण हजर नव्हतो असं त्यांनी चौकशीत लेखी कळवलं होतं. अहवाल बाहेर पडल्यावर चारपाच दिवसांत खुलासा आला की हजर होते, मजकूर तयार करताना चूक झाली. फेब्रुवारीत त्यांचं पत्र आलं. त्यात दुःख होतं, लाज होती, क्षमायाचना होती. 'मी लपवलं' हे मात्र नव्हतं.

त्याआधी २०१८चा देशभराचा अहवाल होताच, तोही बिशप परिषदेने स्वतः करवून घेतलेला. १९४६ ते २०१४ या काळातल्या फायलींमधून ३,६७७ बळी आणि १,६७० आरोपी धर्मगुरू सापडले. फायलींत जे उरलं तेवढंच.

आता माझं म्हणणं. ख्रिस्ती संदेशात अवघड तत्त्वज्ञान भरपूर आहे, पण एक गोष्ट पोरालाही कळेल अशी आहे: चुकलास तर कबूल कर, ज्याचं वाईट केलंस त्याच्याकडे आधी जा, मग वेदीपाशी ये. पहिल्या कम्युनियनच्या (वेदीपाशी पवित्र भाकर घेण्याच्या) आधी आम्हाला पापनिवेदनाला रांगेत उभं करायचे. मी दुसरी-तिसरीतला. पुढच्या पोराने "बोरं चोरली" असं सांगितलेलं कानावर आलं, मला काही सुचेना म्हणून मीही बोरंच चोरली. एवढ्याशा पोराकडून जी शिस्त मागितली जाते, ती स्वतःवर वेळ आली तेव्हा संस्थेने पाळली नाही. फादरची बदली केली, फाइल बंद केली, वकील गाठला. लोक पुनरुत्थान अशक्य वाटतं म्हणून सही करत नाहीयेत. ज्या तोंडून ते ऐकलं त्या तोंडावरचा त्यांचा भरवसा उडालाय.

उलटंही पाहिलंय. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईत पाणी आणि जमीन यांवरून 'हरित वसई'चं आंदोलन उभं राहिलं. त्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. त्यांच्या मागे चाललेल्यांत हिंदू वाडवळ होते, आगरी होते, डावे होते. ते काही बायबल वाचून आले नव्हते. हा माणूस टँकरवाल्यांना आणि बिल्डरांना घाबरत नाही एवढं त्यांना दिसत होतं. पुढे २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा निवडीवर गदारोळ झाला, धमकीचे फोन गेले, तरी हा माणूस व्हीलचेअरवरून येऊन बोलला.

तर चर्चा या अंगाने व्हावी. धर्मांतराचं दळण इथे नको ही विनंती.

तर्कट

धागा आवडला. पण दोन प्रश्नांची गल्लत झालीय.

सांगणारा खरा आहे का, हा एक प्रश्न. सांगतोय ते खरं आहे का, हा दुसरा. सिगारेट ओढणारा डॉक्टर 'सिगारेट सोडा' म्हणाला तर डॉक्टर ढोंगी ठरतो, सल्ला खोटा ठरत नाही. हेच उलट लावा. सगळे बिशप धुतल्या तांदळासारखे असते तरी कुमारिकेला मूल झालं, मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला, यांतलं काही सिद्ध झालं नसतं. तुम्ही चर्चच्या चारित्र्यावर बोलता आणि संदेशाचा तपास हळूच टाळता.

आकड्यांबद्दलही थोडं. १९५०च्या सुमारास जर्मनीतले निम्मे कॅथलिक रविवारी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जायचे. २०१० साली बर्लिनच्या येशूसंघीय (जेसुइट) शाळेतली अत्याचाराची प्रकरणं बाहेर आली आणि तिथून हा सगळा स्फोट सुरू झाला. त्या वेळी ते प्रमाण १३ टक्क्यांच्या आत आलेलं होतं. म्हणजे भांडाफोड व्हायच्या आधीच बाकं रिकामी होती. माणसं शिकली, शहरात आली, आजारपणाला विमा आणि म्हातारपणाला पेन्शन मिळाली. देवाकडे मागायचं काय उरलं?

पेठेतला

वा वा. दलित-आदिवासींना तांदूळ वाटून बाटवायचं आणि जर्मनीत चर्च ओस पडलं की इथे येऊन रडायचं. विश्वासार्हता म्हणे. आधी ईशान्य भारताचं काय केलं ते सांगा.

लिफीकाठची

@पेठेतला, धाग्यात शेवटची ओळ काय आहे ती वाचलीत का?

बावखल, मी मिरजेला नर्सिंग केलं, आता बरीच वर्षं डब्लिनला आहे. ख्रिस्ती नाही, पण मिशन हॉस्पिटलच्या आवारात वाढल्यासारखीच. तुमचं म्हणणं मला आयर्लंडवरून जास्त पटतं. हा देश एके काळी व्हॅटिकनपेक्षा कॅथलिक होता. १९९५ पर्यंत कायद्याने घटस्फोट नव्हता. मग २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला ६२ टक्क्यांनी हो म्हटलं, २०१८ मध्ये गर्भपातबंदी ६६ टक्क्यांनी उठवली. वीस-तेवीस वर्षांत हे झालं. माणसं एवढ्यात 'शिकली' असं नाही हो, तर्कट. आधीही शिकलेलीच होती.

टुआम नावाचं गाव आहे. तिथे अविवाहित आयांसाठी नन चालवत असलेलं एक 'होम' १९२५ ते १९६१ या काळात होतं. कॅथरिन कॉर्लेस नावाच्या स्थानिक इतिहासाची आवड असलेल्या बाईंनी मृत्यूचे दाखले एक-एक करून मागवले. ७९६ मुलं. आणि त्यांच्या पुरण्याची नोंद जवळजवळ कुठेच नाही. २०१७ मध्ये सरकारी आयोगाने जमिनीखाली, जुन्या सांडपाण्याच्या टाकीला लागून असलेल्या कप्प्यांत, बाळांची हाडं सापडल्याचं जाहीर केलं. माझ्या वॉर्डात ऐंशीच्या घरातल्या एक आजी होत्या, रोज माळ जपायच्या. टीव्हीवर ती बातमी लागली की माळ उशीखाली सरकवून भिंतीकडे तोंड करायच्या. बातमी संपली की परत काढायच्या. मी कधी विचारलं नाही.

मला वाटतं देव त्यांनी सोडला नव्हता. फादरला हात जोडणं सोडलं होतं.

संपादक मंडळ

'पेठेतला' यांचे त्यानंतरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. धर्मांतरावर वेगळा धागा काढायला कोणाची हरकत नाही. वैयक्तिक शेरेबाजी इथे चालणार नाही.

सांजवात

उडवलेले प्रतिसाद मी वाचले होते, आणि त्यातल्या तांदळाच्या मुद्द्याला उत्तर द्यावंसं वाटतं, कारण तो आमच्या घरातला मुद्दा आहे.

मी नगरकडची. वडील चर्चच्या मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, होते. आमचे पूर्वज दुष्काळात ख्रिस्ती झाले. 'पोटासाठी बाटलेले' हे मी शाळेत ऐकलंय, नात्यातल्या लग्नांत ऐकलंय. माझी आजी त्यावर म्हणायची, "पोटासाठी झालो असू गं. पण पोट भरल्यावर परत का नाही गेलो, हे कोणी विचारत नाही." मिशनरी साहेब काही संत नव्हते. त्यांना अहवालात आकडे दाखवायचे असत, आणि बंगल्याच्या ओट्यावर आमच्या लोकांना खुर्ची मिळत नसे हेही घरात सांगितलं जाई. पण ज्या गावात विहिरीला शिवू देत नव्हते तिथे पोराच्या हातात पाटी आली. संदेश खरा की खोटा हे आमच्या माणसांनी त्या पाटीवरून ठरवलं. पुनरुत्थानाचा पुरावा तेव्हा कोणी मागितला नव्हता.

जामखेडचं उदाहरण बघा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं. दोघं मनापासून ख्रिस्ती, पण गावात प्रवचन देत फिरले नाहीत. निरक्षर बायकांना, त्यात दलित बायका, बाळंतपण करायला, मुलांचं वजन घ्यायला, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी द्यायला शिकवलं. जिची सावली चालत नव्हती ती घराघरात जाऊन बाळंतपण करू लागली. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं ते पुढचं. तर्कटभाऊ, 'सांगतोय ते खरं का' हा प्रश्न तुम्ही भूमितीच्या प्रमेयासारखा विचारताय. 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे वाक्य सिद्ध कसं करणार? करूनच दाखवावं लागतं.

रानजाई

सांजवातताई, जामखेडबद्दल आदर आहे. पण पाटी आणि खुर्ची यांतलं अंतर तुम्ही एका ओळीत उरकलंत. मला तिथेच थांबायचंय.

मी मराठवाड्यातली, ख्रिस्ती, मांग घरातली. जर्मनीतल्या चर्चकराचं मला काही वाटत नाही. इथे येऊन बघा. तामिळनाडूत दलित ख्रिश्चनांसाठी वेगळी दफनभूमी, मध्ये भिंत. गोव्यात काही चर्चमध्ये कॉन्फ्रारियाचे (चर्चमधल्या भाविक-मंडळाचे) मान जातीवर वाटलेले. बावखल, तुमच्या वसईत तरी सोयरीक कशी जमते ते सांगा ना. सामवेदी, वाडवळ, कोळी, एकाच मिस्साला गुडघे टेकतात. लग्न ठरवताना?

भारतातल्या कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांविषयीचं धोरण काढलं आणि त्यात चर्चच्या आत अस्पृश्यता आहे हे लेखी मान्य केलं. पहिला दलित कार्डिनल (पोपच्या खालोखालच्या मानाचा धर्मगुरू), हैदराबादचे अँथनी पूला, २०२२ मध्ये झाले. दोन हजार वर्षांचा धर्म, इथे निदान पाचशे वर्षं आहे, दलित ख्रिश्चनांची संख्या एवढी मोठी, आणि पहिला कार्डिनल २०२२ ला.

वरून सरकार म्हणतं, तुमच्या धर्मात जात नाही, म्हणून अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. १९५०चा राष्ट्रपतींचा आदेश. १९५६ मध्ये शीख आले त्यात, १९९० मध्ये बौद्ध आले, आम्ही बाहेरच. म्हणजे चर्चमध्ये जात आहे म्हणून मार, आणि कचेरीत जात नाही म्हणून मार.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्यांबद्दल जे लिहिलं ते आमच्या पाळकांना आवडत नाही. त्यांची तक्रार देवाबद्दलची नव्हती. धर्म बदलल्यावर ही माणसं अन्यायाविरुद्ध उभी राहतात का, असं ते विचारत होते. बहुतेक जण राहत नाहीत, असंच त्यांना दिसलं. माझ्या लेखी संदेशाच्या विश्वासार्हतेची कसोटी अजून तीच आहे.

मोरपीस

रानजाई +१. वाचतेय. वाचनखूण साठवली.

बावखल

रानजाई, वसईबद्दल तुमचं बरोबर आहे. आमच्या पिढीत लग्नं थोडीफार मिसळतायत, पण ती प्रवचनामुळे नाही, लोकलच्या डब्यामुळे आणि कॉलेजामुळे. मिस्सात 'आम्ही सारे एका भाकरीचे वाटेकरी' म्हणणारे लोक घरी गेल्यावर बायोडेटात पहिलं काय बघतात ते मला माहीत आहे. फार तर एवढं म्हणेन की २०१६ चं ते कागदावरचं कबूल करणं मला मोठं वाटतं. आमच्या जर्मन बिशपांना तेवढं सरळ लिहायला जमलेलं नाही.

तर्कट, बाकं आधीच रिकामी होती हे मान्य. पण मिस्साला न जाणं आणि कचेरीत जाऊन नाव कापून घेणं या दोन निराळ्या गोष्टी. पहिलीत कंटाळा आहे. दुसरीत तिडीक आहे. आणि तिची किंमतही आहे: २०१२ मध्ये बिशपांनी काढलेल्या फतव्यानुसार नाव काढलेल्याला कम्युनियन नाही, स्नानसंस्कारात धर्मपिता होता येत नाही, चर्चमधलं दफनही नाकारलं जाऊ शकतं. ज्यांची श्रद्धा पार आटलीय त्यांना याने फरक पडत नाही, पण सही करून आलेल्या दोन सहकाऱ्यांशी मी बोललोय, दोघीही अजून झोपताना मुलांबरोबर प्रार्थना म्हणतात.

बर्लिनच्या शाळेचं तुम्ही काढलंत ते बरं झालं. ते बाहेर कोणी काढलं? पत्रकारांनी नाही. शाळेचे रेक्टर क्लाउस मेर्टेस, स्वतः येशूसंघीय फादर. तीन माजी विद्यार्थी त्यांच्याकडे येऊन बोलले. त्यांनी जानेवारी २०१० मध्ये हे प्रकार घडले त्या वर्षांतल्या सुमारे ६०० माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहिलं की तुमच्यावर असं काही झालं असेल तर आमच्याशी बोला. पत्र वर्तमानपत्रात पोचलं आणि देशभर बांध फुटला. चर्चमधल्या बऱ्याच जणांनी त्यांना 'घरभेदी' ठरवलं. मी ज्याला विश्वासार्हता म्हणतो ती हीच. चर्चच्या आतल्या एका माणसाने चर्चचं नुकसान होईल असं खरं बोलणं.

लोहगड

इतिहासाचा मास्तर आहे, सवयीने लांबेल.

बावखल, तुमचा सिद्धांत आकर्षक आहे. मी त्यावर जर्मनीतलीच दोन उदाहरणं ठेवतो. एक तुमच्या बाजूचं वाटेल पण पूर्ण नाही, दुसरं तुमच्या विरुद्ध आहे.

पहिलं. मे १९३४, बार्मेन. हिटलरने प्रोटेस्टंट चर्च आपल्या दावणीला बांधायला घेतलं तेव्हा काही पाळक आणि धर्मपंडित, त्यांत कार्ल बार्थ प्रमुख, एकत्र आले आणि जाहीर केलं की चर्चचा प्रभू एकच, ख्रिस्त. दुसरा कोणी पुढारी नाही. त्या काळात हे बोलायला छाती लागत होती. याच प्रवाहातला पाळक डीट्रिख बोनहोफर १९४३ मध्ये पकडला गेला आणि ९ एप्रिल १९४५ ला फ्लोसेनब्युर्गच्या छावणीत त्याला फाशी दिलं. युद्ध संपायला महिना उरला होता. पण बार्मेनचा जाहीरनामा काढून वाचा. ज्यूंबद्दल त्यात एक शब्द नाही. ऑक्टोबर १९४५ मध्ये श्टुटगार्टला प्रोटेस्टंट चर्चने अपराधाची कबुली दिली, आम्ही अधिक धैर्याने बोललो नाही वगैरे. तिच्यातही ज्यूंचा उल्लेख नाही. साठ लाख माणसं मारल्यानंतर सहा महिन्यांच्या आतली गोष्ट! म्हणजे कबुली देणंसुद्धा पुरेसं नसतं. कोणाचं काय केलं ते नाव घेऊन सांगावं लागतं. बेनेडिक्टच्या पत्राबद्दल तुम्ही जे म्हणालात त्याचा हा आजोबा.

दुसरं. लाइपझिगचं निकोलाय चर्च. कम्युनिस्ट राजवटीत १९८२ पासून तिथे दर सोमवारी शांतिप्रार्थना व्हायची. दारावर पाटी असायची, सगळ्यांसाठी खुलं. नास्तिक यायचे, देश सोडायचा अर्ज करून बसलेले यायचे, खुफिया पोलीसही यायचे. ९ ऑक्टोबर १९८९ ला गोळीबार होणार अशी हवा होती. दवाखान्यांत रक्ताच्या बाटल्या वाढवल्याची बोलवा होती. प्रार्थना संपवून लोक मेणबत्त्या घेऊन बाहेर पडले, बाहेर सुमारे ७०,००० माणसं जमलेली. एका हातात मेणबत्ती, दुसरा हात तिच्या ज्योतीभोवती, दगड उचलायला हात मोकळा नाही. गोळी सुटली नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत पडली.

संदेश खरा करून दाखवणं म्हणजे याहून आणखी काय असतं? आणि परिणाम? आज त्याच पूर्व जर्मनीत बहुसंख्य लोक कुठल्याच चर्चचे सभासद नाहीत. लोकांनी मेणबत्ती घेतली, स्वातंत्र्य घेतलं, आभार मानले आणि घरी गेले. चर्च धाडसाने आणि स्वच्छ वागलं तरी बाकं भरली नाहीत. मग 'लोक जातात कारण भरवसा उडाला' याचा व्यत्यास कुठे सापडतो?

तर्कट

लोहगड, हेच म्हणायचं होतं, इतकं चांगलं जमलं नसतं. आणि याची दुसरी बाजू: जिथे स्टेजवर आजारी माणसं 'बरी' होतात, पाळक आलिशान गाडीतून उतरतो, तिथे मंडप ओसंडतात. मुंबईच्या उपनगरांत बघा, पंजाबात बघा. म्हणजे गर्दीचा आणि विश्वासार्हतेचा काही संबंध नाही, कुठल्याच बाजूने नाही.

सांजवात

तर्कटभाऊ, त्या मंडपांत जाणारे आमचे लोक मी ओळखते. ते पाळकाच्या गाडीवर भाळून जात नाहीत. मोठ्या चर्चमध्ये त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही. तिथे मारतात, डोक्यावर हात ठेवतात, नवऱ्याची दारू सुटावी म्हणून रात्रभर प्रार्थना करतात. त्यातल्या काहींची सुटतेसुद्धा. चमत्काराच्या नावाने औषधं बंद करायला लावतात ते पाप आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण सरसकट हसू नका.

लिफीकाठची

सहमत. वॉर्डात शेवटच्या रात्री फादरला बोलवा म्हणणारे अजून आहेत, चर्चकडे पाठ फिरवलेलेसुद्धा. येणारा फादर हल्ली बहुतेकदा नायजेरियाचा नाहीतर केरळचा असतो, हे एक अवांतर.

बावखल

अवांतर नाही ते. आमच्या पॅरिशचे (स्थानिक चर्चचे) फादरही केरळचेच. आमच्या बाजूची गंमत बघा: नगर जिल्ह्यातलं कॅथलिक मिशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन येशूसंघीयांनी उभं केलं, पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना शत्रूचे नागरिक म्हणून हलवलं. आता त्यांच्या भावंडांच्या पणतवंडांना दफनाचा विधी करायला भारतातून माणूस लागतो. फादरचं जर्मन कच्चं आहे. म्हाताऱ्या बायका कुरकुरतात आणि दर रविवारी त्यांच्यासाठी केक करून आणतात.

लोहगड सरांच्या लाइपझिगला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणतो की बाकं भरणं हे माप मी स्वतःच मूळ धाग्यात आकडे देऊन पुढे केलं, आणि तुमच्या उदाहरणाने ते अपुरं ठरतं. लाइपझिगच्या लोकांनी त्या संदेशातलं त्यांना हवं ते घेतलं. शस्त्राविना उभं राहायचं आणि समोरच्या पोलिसालाही माणूसच समजायचं. ज्याने हे शिकवलं त्याचे ते सभासद झाले नाहीत. मला विचाराल तर येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाला सभासदसंख्येची अट कुठे आहे? पंडिता रमाबाईंचं बघा ना. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, इथे सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या (जोतीराव तेवढे त्यांच्या बाजूने लिहीत होते), आणि तिथे गेल्यावर त्रैक्यावरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवरून) तिथल्या नन सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून भांडल्या. भटांचं जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून काढलंय, आता तुमच्या धर्मगुरूंचं घेणार नाही, या अर्थाचं त्यांनी सरळ लिहिलं. ख्रिस्त मान्य, चर्चची दमदाटी अमान्य. त्या काळी पाद्र्यांना ही बाई डोकेदुखी वाटली. आज त्याच रमाबाई साऱ्यांना भाषणात उदाहरण द्यायला लागतात.

रानजाई

ते ठीक आहे. पण रमाबाईंना त्या भांडणासाठी संस्कृत होतं, पंडिता ही पदवी होती, त्यांच्या पत्राला सिस्टरला उत्तर द्यावंच लागलं. आमच्या मावशीने भिंतीबद्दल फादरना विचारलं असतं तर काय उत्तर मिळालं असतं?

आणि एक सरळ प्रश्न, बावखल. एवढं सगळं माहीत आहे, तर तुम्ही सही का नाही केली? कर अजून भरताय ना?

तर्कट

हा प्रश्न माझाही. पैसा जातो कुठे हेही सांगा. 'कारितासची (कॅथलिक चर्चच्या सेवासंस्थेची) इस्पितळं चालतात' हे उत्तर देऊ नका. त्यांचा बहुतांश खर्च विम्यातून आणि सरकारी पैशातून निघतो.

बावखल

इस्पितळांबद्दल बरोबर, म्हणून ते कारण देत नाही. माझा कर बराचसा पगारांवर, इमारतींवर, बालवाड्यांवर जातो. लिंबुर्गच्या बिशपने आपल्या निवासावर आणि परिसरावर ३ कोटी १० लाख युरो घातले होते. २०१४ मध्ये त्यांना जावं लागलं. तेव्हा पहिल्यांदा वाटलं होतं की उद्याच कचेरी गाठावी.

नाही गाठली, कारण इथे पॅरिशला निवडून दिलेलं लोकांचं मंडळ असतं आणि त्यात मत द्यायला, उभं राहायला सभासद असावं लागतं. मी उभा राहिलो, आलो. आता प्रत्येक पॅरिशला मुलांच्या संरक्षणाचा लेखी आराखडा करावा लागतो: शिबिराला कोण जाणार, किल्ल्या कोणाकडे, तक्रार आली तर चोवीस तासांत कोणाला फोन करायचा आणि तो माणूस चर्चबाहेरचा असेल की नाही. आमच्याकडे तो कागद होता, कोणी वाचलेला नव्हता. शेवटच्या मुद्द्यावर तीन बैठका भांडण झालं. एक आजोबा म्हणत होते, "आपल्या फादरांवर संशय घेताय का?" मी म्हटलं, हो, आणि माझ्यावरही घ्या, शिबिराला मीही जातो. बाहेरच्या समुपदेशन केंद्राचा नंबर आता सभागृहाच्या दारावर लावलाय. मुलांच्या उंचीवर लावा एवढ्यासाठी पुन्हा एकदा वाद झाला.

रानजाई, तुमच्या मावशीच्या प्रश्नाला इथून उत्तर देणं सोपं आहे, म्हणून देत नाही.

तर्कट

हे नागरिक म्हणून चांगलं काम आहे. यात ख्रिस्ती काय आहे ते मला अजून दिसलं नाही. शाळेच्या पालक संघातही माणसं हेच करतात.

सांजवात

करतात आणि करावंच. पालक संघाने दोन हजार वर्षं 'लहान लेकरांना माझ्याजवळ येऊ द्या' असं म्हटलेलं नसतं, एवढाच फरक. आम्ही म्हटलंय. म्हणून आमचा गुन्हा जास्त.

रानजाई

हे मात्र पटलं. दफनभूमीबद्दल वेगळा धागा काढते, फोटो आहेत माझ्याकडे. संपादक, तिथे 'पेठेतला' आले तर येऊ द्या, त्यांनाही बघू दे.